बाळ वयाप्रमाणे वाढतंय का, हे घरी कसं बघायचं: पहिल्या तीन वर्षांसाठी

बाळ केव्हा बसलं, केव्हा चालायला लागलं, केव्हा बोललं याची चौकशी घरोघर होते. पण ती बहुधा जावेच्या नाहीतर शेजारणीच्या बाळाशी ताडून बघण्यापुरती असते आणि त्यात दोन्हीकडून नुकसान होतं. दहाव्या महिन्यात न रांगणाऱ्या धडधाकट बाळापायी अख्खं घर काळजीत पडतं. दुसरीकडे दीड वर्षाचं बाळ हाक मारल्यावर वळून बघत नाही, तरी "बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला" असं म्हणत वर्ष निघून जातं.

पहिल्यांदा आई-बाप झालेल्यांना, नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना आणि अंगणवाडीत नव्याने रुजू झालेल्या ताईंना सगळ्यात आधी एक गोष्ट सांगायची आहे. वाढीच्या प्रत्येक टप्प्याला दोन वयं असतात. बहुतेक बाळं ज्या वयात ती गोष्ट करू लागतात ते पहिलं, आणि ज्याच्यापुढे वाट बघत बसायचं नाही ते दुसरं. लोकांच्या तोंडी पहिलं वय असतं. पाठ करायचं ते दुसरं.

आधी वय बरोबर काढा

खान्देशात "मागच्या आखाजीचा जन्म" असं वय सांगायची रीत आहे. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तिथीप्रमाणे येते. २०२३ साली ती २२ एप्रिलला होती, २०२४ साली १० मेला आणि २०२५ साली ३० एप्रिलला. लहान बाळाच्या हिशेबात अठरा-वीस दिवसांनी फरक पडतो, म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख घ्या आणि पूर्ण झालेले महिने मोजा. "नववा लागला" म्हणजे आठ पूर्ण झाले.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर आणखी एक वजाबाकी लागते. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. बाळ ३२ आठवड्यांना जन्मलं असेल तर ते ८ आठवडे, म्हणजे साधारण दोन महिने आधी आलं. आज ते आठ महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांचं होईपर्यंत असाच हिशेब करायचा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे वजाबाकी नाही.

थांबायची हद्द

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली निरोगी बाळांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतातली बाळंही होती. बिनआधार बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही सुरू झालेलं दिसलं, तर स्वतः चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे एक बाळ वाढदिवसाआधी चालतं, दुसरं दीड वर्षाला टेकल्यावर, आणि दोन्ही निरोगी असू शकतात. शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. बुडावर सरकत किंवा थेट उभी राहून ती पुढे गेली. नुसतं रांगलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

खालची वयं मात्र भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहेत. इतके महिने पूर्ण होऊनही समोर लिहिलेल्यातलं काही बाळात आढळलं, तर त्याला दाखवायला न्यायचं:

- ३ महिने: चेहऱ्याकडे बघून हसत नाही, हलणाऱ्या चेहऱ्यामागे नजर फिरत नाही
- ५ महिने: मान धरत नाही, किंवा मुठी अजून दिवसभर आवळलेल्या
- ६ महिने: आवाजाच्या दिशेने वळत नाही
- १० महिने: आधाराशिवाय बसत नाही
- १२ महिने: बा-बा, दा-दा असे आवाज काढत नाही, नावाने हाक मारल्यावर बघत नाही, टाटा किंवा हात पुढे करणं असं काहीच करत नाही
- १६ महिने: अर्थाचा एकही शब्द नाही
- १८ महिने: चालत नाही, बोटाने काही दाखवत नाही
- २४ महिने: दोन शब्द जोडून बोलत नाही
- ३६ महिने: घराबाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं बहुतेक कळतच नाही

तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने बनवलेला दोन वर्षांपर्यंतचा तक्ताही आपल्याकडे वापरात आहे. त्यात १७ गोष्टी आडव्या पट्ट्यांनी दाखवल्या आहेत. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. जी पट्टी पेन्सिलच्या डावीकडेच संपते ती गोष्ट बाळाला आलेली असायला हवी. नसेल तर तपासणी. पेन्सिल जिच्यावरून जाते त्या पट्टीला अजून वेळ आहे.

हालचाल बघताना

बाळ पोटभर प्यालेलं, झोप झालेली, ताप नाही अशी वेळ निवडा. लस टोचलेल्या दिवशी बघू नका. मे महिन्यात जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी उकाड्याने मरगळलेल्या बाळाची परीक्षा घेऊच नये. सकाळी लवकर घ्या. खाली जमिनीवर गोधडी अंथरा. खाटेवर किंवा जाड गादीवर बाळ रुततं आणि आहे ती ताकदही दिसत नाही.

मान बघायची तर बाळाला उताणं झोपवा, दोन्ही हातांची मनगटं धरा आणि सावकाश बसतं करा. दोन महिन्यांच्या बाळाचं डोकं मागे लोंबतं, ते बरोबरच आहे. चार महिन्यांचं झालं की डोकं जवळजवळ अंगाबरोबरच वर यायला हवं, बसल्यावर गोते न खाता टिकायला हवं. या वयातही डोकं पूर्ण मागे पडत असेल तर आठवड्याने पुन्हा एकदा बघा. पाच महिने पूर्ण झाले तर पुन्हा बघण्यात वेळ घालवू नका.

बसणं म्हणजे दोन्ही हात मोकळे ठेवून, पाठ सरळ करून, हातात खेळणं धरून निदान दहा सेकंद बसणं. उशांच्या मध्ये बसवलेलं बाळ बसलंय असं धरायचं नाही.

प्रत्येक हालचालीत डावी-उजवी बाजू सारखी चालते का, ते बघा. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर "डावखुरं होणार" म्हणून कौतुक होतं. पण इतक्या लवकर एका हाताची निवड होत नसते. दुसऱ्या हातात ताकद कमी असल्याची ती खूण असू शकते. लंगोट बदलताना मांड्या फाकवायला जोर लागणं, उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणं, कायम चवड्यांवर उभं राहणं हेही दाखवण्यासारखं.

उशीर झालेला दिसला तरी दरवेळी आजारच असतो असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाळ दिवसभर बांधावरच्या झोळीत असतं, घरी आल्यावर कडेवर. जमिनीवर लोळायला, पालथं पडून मान उचलायला त्याला वेळच मिळत नाही. जागं असताना दिवसातून चार-पाच वेळा, सुरुवातीला तीन-तीन मिनिटं, बाळाला पालथं घाला आणि समोर तुमचा चेहरा धरा. तीन महिन्यांचं होईपर्यंत हा वेळ दिवसाला अर्ध्या तासाच्या पुढे न्या. झोपवताना मात्र नेहमी उताणंच.

चाकांचा प्लास्टिकचा वॉकर घेऊ नका. त्यात बाळ लोंबकळत पायाच्या बोटांनी ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकत नाही आणि ओट्यावरून, पायऱ्यांवरून गडगडतं. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं. उभं राहायला लागल्यावर, सपाट जागी, माणूस जवळ असताना तो चालतो.

हडकलेल्या बाळाला चालायला ताकद कुठून येणार, हाही प्रश्न आहे. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्या ताईंनी विकासाचा तक्ता हातात घ्यायच्या आधी दंडाचा घेर मोजावा. सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. आधी पोषण पुनर्वसन केंद्र, आणि तिथेच विकासाचीही तपासणी.

हात आणि बोटं

नऊ-दहा महिन्यांच्या बाळाला ताठ बसवा आणि ताटलीत मुरमुऱ्याचा एकच दाणा ठेवा. सहा-सात महिन्यांचं बाळ सगळ्या पंजाने तो ओरबाडतं. दहा महिन्यांच्या आसपास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा येऊ लागतो. वर्ष उलटूनही चिमूट जमत नसेल तर कार्डावर नोंद करून विचारा. इथे मुरमुराच घ्यायचा, कारण तो तोंडात विरघळतो. शेंगदाणा, फुटाणा, हरभरा असे अख्खे दाणे चार वर्षांपर्यंत बाळाच्या हाती देऊ नका. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा जीवावर बेततो.

ऐकणं आणि बोलणं

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे.

थाळी वाजवली, बाळ दचकलं, म्हणजे ऐकू येतं असा समज आहे. थाळीचा आवाज फार मोठा असतो. कमी ऐकू येणारं बाळही त्याने दचकतं. शिवाय हात हललेला दिसतो, जमिनीतून हादरा जातो. माणसाचं बोलणं मात्र याहून कितीतरी हळू असतं. घरी बघायचंच तर असं बघा: पंखा बंद करा. एकाने बाळाला मांडीवर घेऊन समोर गुंतवून ठेवा. दुसऱ्याने मागून, बाळाला दिसणार नाही अशा बाजूला, कानापासून हातभर अंतरावर कागद हळूच चुरगाळा किंवा खुळखुळा बारीक हलवा. सावली पडू देऊ नका, कानावर वारा जाऊ देऊ नका. सहा महिन्यांचं बाळ त्या बाजूला वळतं. दोन्ही कान वेगवेगळे बघा, आणि एकदा वळलं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा बघा.

पण घरची परीक्षा मशीनची जागा घेत नाही. जन्मानंतर महिन्याच्या आत ओएई ही कानाची पहिली तपासणी व्हावी, शंका असल्यास तीन महिन्यांच्या आत बेरा ही पुढची तपासणी होऊन निदान व्हावं, आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्रासारखे उपाय सुरू व्हावेत, असा नियम आहे. ओएईत कानात छोटी बोंडी ठेवतात. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल, जन्मतः रडलं नसेल, घरात कोणी लहानपणापासून बहिरं असेल, तर ही तपासणी मागून घ्या. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: बहिरं बाळही चार-पाच महिन्यांचं असताना आवाज काढतं. पुढे स्वतःचा आवाज कानावर न पडल्याने त्याची बडबड आटत जाते. "आधी बोलायचं, आता गप्प झालं" असं वाटलं की पहिल्यांदा कान तपासा.

शब्द मोजायची एक पद्धत आहे. उच्चार बोबडा चालतो, पण तोच आवाज दरवेळी त्याच गोष्टीसाठी यायला हवा. पाण्याला रोज "मम" म्हणत असेल तर तो शब्द. कुत्र्याला "भू-भू" हाही शब्द. मोबाइलवरचं गाणं तोंडपाठ म्हणतं पण तहान लागली तर रडूनच सांगतं, तर ते गाणं मोजायचं नाही. वर्षाच्या सुमारास एक-दोन, दीड वर्षाला दहाच्या आसपास, दोन वर्षांना पन्नासच्या घरात शब्द असतात आणि जोड्या लागायला सुरुवात होते.

आपल्याकडे घरात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली किंवा पावरी, आणि अंगणवाडीत प्रमाण मराठी. मूल दोन भाषा ऐकतं म्हणून बोलायला मागे पडत नाही. मोजताना दोन्हीकडचे शब्द एकत्र धरायचे. "माय उनी", "बा गया" ही दोन शब्दांची पूर्ण वाक्यं आहेत. ताईंनी "तुझं नाव काय?" विचारल्यावर मूल गप्प राहिलं तर लगेच रकान्यात "नाही" लिहू नये. "तुन्हं नाव काय शे?" असं विचारून बघावं, किंवा त्याच्या आईला तिच्या बोलीत विचारायला सांगावं. आणि आई-बापांनी मोडकंतोडकं पुस्तकी मराठी बोलण्यापेक्षा आपल्या बोलीत भरपूर बोलावं. मुलाला भाषेचा पाया तिथेच मिळतो.

शब्दांपेक्षाही बारकाईने बघायची गोष्ट म्हणजे बोट. वर्षाच्या पुढचं बाळ अंगणातून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवतं आणि मग वळून तुमच्या तोंडाकडे बघतं: तुम्हीही बघितलं ना? हे वळून बघणं फार मोलाचं. हवं ते घ्यायला तुमचा हात धरून ओढत नेतं, पण नुसतं दाखवण्यासाठी बोट करत नाही, नजरेला नजर देत नाही, दीड वर्ष झालं, तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाचणी करून घ्या. १६ ते ३० महिन्यांसाठी २० प्रश्नांची एम-चॅट ही प्रश्नावली बालरोगतज्ज्ञांकडे असते. तिच्यातून निदान होत नाही, पुढे जायचं की नाही ते कळतं.

"मुलगा आहे, उशिरा बोलेल" हे कारण धरून थांबू नका. मुलगे थोडे मागे असतात, पण हद्द दोघांना एकच. जिभेखालची तार कापली म्हणून शब्द यायला लागत नाहीत. तार घट्ट असेल तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना अडचण येऊ शकते, बोलणं थांबण्याचं कारण ते नव्हे. आणि मोबाइल: दोन वर्षांपर्यंत अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, तोही कोणीतरी सोबत बसून. पडदा बाळाला उत्तर देत नाही, बाळ थांबलं तर तो थांबत नाही. भाकरी थापताना, कपडे धुताना जे हातात आहे त्याचं नाव घेत, बाळाच्या आवाजाला आवाज देत बोललेली दहा मिनिटं त्याहून उपयोगाची.

डोळे

चार महिन्यांनंतरही डोळा तिरपा जात असेल तर तो भाग्याचा म्हणून सोडू नका, दाखवा. बुबुळात पांढरी चमक दिसली, फोटोतही, तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

जिथे एक दिवसही थांबायचं नाही

आलेली गोष्ट गेली, म्हणजे बसणारं बाळ बसेनासं झालं, हसणारं हसेनासं झालं, शब्द बंद झाले, तर वय कितीही असो, लगेच दवाखाना.

याचं एक कारण आपल्या भागात ओळखून ठेवण्यासारखं आहे. माळकरी किंवा पूर्ण शाकाहारी घरातली आई, दूध-दही खाण्यात जेमतेम, बाळ सहा महिन्यांच्या पुढे गेलं तरी मुख्यतः अंगावरच्या दुधावर. अशा बाळाला बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं. अंगाने बाळ गुबगुबीतही दिसतं, पण फिकट, मंद, केस विरळ आणि तपकिरी, बोटांच्या पेरांवर काळेपणा, आणि पुढे हात-मान थरथरायला लागते. लोक नजर लागली म्हणतात. दृष्ट काढायची तर काढा, पण त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बी-१२ दिल्यावर बाळ थोड्याच दिवसांत पुन्हा हसू-बघू लागतं. जितका उशीर, तितकी मागे राहण्याची भीती.

दुसरी गोष्ट दचकण्याची. तीन ते बारा महिन्यांच्या वयात, बहुधा झोपेतून उठल्यावर, बाळ एकदम पुढे वाकतं, हात पसरतात, क्षणात सैल पडतं, आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. असं ओळीने होतं. पोटात कळ आली, घाबरलं असं वाटतं. पण हा फिटचा एक प्रकार असू शकतो आणि उपचाराला झालेला उशीर मेंदूला भोवतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा, बाळ पूर्ण दिसेल असा, आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वर्णनापेक्षा तो व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो.

रक्त कमी असेल तर

रक्त कमी असलेलं बाळ खेळत नाही, शिकायलाही मागे पडतं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध आशाताईंकडून मिळतं. लहान बाळाला चहा-बिस्कीट देऊ नका, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. घरात कोणाला असेल तर बाळाची तपासणी करून घ्या, आणि लोह डॉक्टरांना विचारूनच द्या. तीव्र कुपोषणावर उपचार चालू असतानाही तसंच.

कुठे, कसं दाखवायचं

आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी येतात. त्या दिवशी वजनाबरोबर कार्डावरची विकासाची पानं भरून घ्या. पान कोरं राहिलं तर आठवण करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं डॉक्टर पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तारीख सेविकाताईंना माहीत असते. पण हद्द ओलांडली असेल तर पथकाची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाकडे जा आणि तिथे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, कान आणि वाचा-भाषा हे सगळं एका छताखाली असावं म्हणून ही केंद्रं आहेत.

जाताना कार्ड, बाळंतपणाचा डिस्चार्ज कागद आणि व्हिडिओ न्या. डिस्चार्जच्या कागदावर जन्मवजन, बाळ लगेच रडलं का, काविळीसाठी दिव्याखाली ठेवलं होतं का, हे असतं. तिथे "बाळ हळू आहे" असं म्हणू नका. "दहा महिने पूर्ण झाले, आधाराशिवाय बसत नाही, उजवा हात कमी वापरतं" असं सांगा. उत्तर "थोडी वाट बघू" असं आलं तर विचारा: किती दिवस, आणि तोपर्यंत काय करायचं? तारीख कार्डावर लिहून घ्या. आजाराचं नाव ठरायच्या आधीही व्यायाम सुरू करता येतात.

धडगावहून नंदुरबारला दर आठवड्याला ये-जा करणं कोणालाच परवडत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत थेरपिस्टला घरी करायचे दोन-तीन व्यायाम दाखवायला सांगा. तुम्ही करताना त्यांना बघू द्या, त्यांच्या परवानगीने व्हिडिओ काढा. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं, आंघोळीनंतर, खाण्याआधी आणि झोपण्याआधी, असं रोजच्या कामाला बांधून टाकलं की चुकत नाही. दुधानंतर लगेच नको, बाळ ओकतं.

ऊसतोडीला गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या घरांनी निघण्याआधी कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्यावा, मूळ कार्ड सोबत न्यावं, आणि सेविकाताईंना मुक्कामाचं गाव सांगून जावं. तिथल्या अंगणवाडीत कार्ड दाखवलं की पुढची नोंद त्याच पानावर होते. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात वजन, दंडाचा घेर आणि विकासाचं पान, तिन्ही पुन्हा भरून घ्या.